लिंबाजीतात्या आणि माझी रिबन

आमच्या शेजारचे लिंबाजीतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी राम राम म्हणत नाहीत. आधी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी जातात, सदऱ्याच्या खिशातून हुकाचा छोटा ताणकाटा काढतात, तो दोरीला अडकवून खाली ओढतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि मग घराकडं तोंड करून ओरडतात, "लई ढिली हाय की! चादरी मातीला लागत असतेल!" मग राम राम.

ताणकाटा म्हणजे काय, तर भंगारवाला रद्दी मोजायला वापरतो ना, तोच. त्यामुळं आम्ही धारूरला राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोनं, रेखानं, त्यांना भंगारवालाच समजून फुटकी बादली आणि जुनी वर्तमानपत्रं आणून पुढ्यात ठेवली. तात्यांना त्याचा राग आला नाही. त्यांनी बादली उचलली, तिची कडी ओढून बघितली आणि म्हणाले, "सूनबाई, बादली कडीपाशी फुटली. पानी भरून झटक्यानं उचलत असशील. आधी वढ बघावी, मग उचलावं." रेखा घरात येऊन मला म्हणाली, "भंगारवाला जरा विचित्र आहे."

"आधी वढ बघावी" हे तात्यांचं पालुपद. वढ म्हणजे ओढ, ताण. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर त्यांची आख्खी नोकरी गेली. दोरा ढिला राहिला तर पोतं उसवतं, ताठ झाला तर दोराच तुटतो, आणि साखर दोन्हीकडून सांडते. एवढ्या एका अनुभवावरून त्यांनी सगळ्या जगाचा निकाल लावून टाकलेला आहे. जगात जे काही बिघडतं ते कुणीतरी जास्त ओढल्यानं किंवा कुणीतरी ढिलं सोडल्यानं. बाजेची नवार असो, मोटारसायकलची चेन असो, तात्यांचा हुक तिथं पोचलेला असतो. एकदा डॉक्टरांनी त्यांचं बीपी बघायला दंडाला पट्टा गुंडाळला, तर हे डॉक्टरांना म्हणाले, "वरची कड ढिली हाय तुमची." डॉक्टरांनी पट्टा पुन्हा गुंडाळला. बीपी मात्र पहिल्यापेक्षा जास्त निघालं, ते डॉक्टरांच्या रागामुळं की तात्यांच्या, ते कळलं नाही.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं चालू होती. दोघा मामांनी अंतरपाट धरलेला. लोक अक्षता मुठीत घेऊन ताटकळलेले. आणि तात्या पहिल्या रांगेतून उठून थेट बोहल्यावर गेले! नवरीच्या मामाला म्हणतात, "पाव्हणं, तुमची बाजू ढिली हाय. तिरकी सुरकुती पडली बघा मधून." मामा बिचारा भडजींकडं बघतोय, भडजी तात्यांकडं बघतायत, आणि तात्यांनी खिशातून काटा काढून अंतरपाटाला लावलासुद्धा. भडजी शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, आता बाजूलाच करायचाय तो!" तर तात्या म्हणाले, "करा की. पर तवर तर सरळ धरा." नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी खुदुखुदू हसत होते. आमच्याकडच्या सगळ्या लोकांनी वळून माझ्याकडं बघितलं, कारण तात्यांना लग्नाला मीच आणलं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण माझ्यासारखा बावळट शेजारी मिळाला नसता तर तात्यांची ही विद्या दोरी-बादलीतच संपली असती. पुण्यात मोबाईलच्या दुकानात माझी डाळ शिजली नाही, तेव्हा मी गावाकडं परतलो आणि सीताफळाच्या गराचा धंदा काढला. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. बाया बिया काढून गर वेगळा करतात, तो डब्यात भरून गोठवायचा आणि शहरातल्या आइस्क्रीमवाल्यांना पाठवायचा. अक्कल लागत नाही असा धंदा बघूनच मी तो निवडला होता. पण प्रत्येक डब्यावर बारकोडचं लेबल लागतं, आणि मला अक्कल लागली ती तिथं.

साधं लेबल बर्फात पुसट होतं. त्यासाठी रिबनवाला प्रिंटर लागतो. त्यात शाईची एक लांब फीत असते. एका नळीवरून ती सुटते, मधे तापलेल्या पट्टीखालून जाते, तिथं शाई वितळून लेबलावर उतरते, आणि रिकामी फीत दुसऱ्या नळीवर गुंडाळली जाते. मी असला एक प्रिंटर जुन्यात घेतला. पहिल्या दिवशी दिवसभर कोरी लेबलं निघाली. विकणाऱ्याला फोन करून मी तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, रिबनची शाईची बाजू कुठं आहे?" मी म्हणालो, "कुठं असणार? मशीनमध्येच आहे की!" मी रिबन उलटी घातली होती.

रिबन सुलटी केल्यावर दुसरीच पीडा सुरू झाली. प्रत्येक लेबलावर एक पांढरी तिरकी रेघ. बारकोडाला मधोमध कुणी चाकूनं कापल्यासारखी. आइस्क्रीमवाल्यांच्या मशीनला तो कोड वाचता येईना, आणि माझा माल त्यांच्या दारातून परत आला. मी अंगणात बसून डोकं धरलं होतं. तेवढ्यात तात्या भिंतीवरून डोकावले. "काय झालं रे? असं तोंड का पाडलंय?" मी लेबल दाखवलं. त्यांनी रेघ बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, ह्या माणसाला माझं वाटोळं झाल्याचा आनंद झालाय.

"अरे, ही तर सुरकुती हाय!" असं म्हणत ते आत आले, प्रिंटरचं झाकण उघडलं आणि दोन्ही नळ्या बघून त्यांनी हातच जोडले. "एक सोडती, दुसरी वढती. संतोषा, हे तर माझंच पोतं हाय रे!" मग रिबनच्या टोकाला काटा लागला. सोडणारी नळी ढिली होती, त्यातही डाव्या कडेला जास्त. म्हणून फीत चुरगळायची आणि चुरगळल्या जागी शाई उतरायची नाही. तात्यांनी दोन नॉब इकडून तिकडं पिळले. दोन रिबन तोडल्या, मला तीन शिव्या घातल्या, आणि मग एक लेबल निघालं, स्वच्छ, काळंभोर. मी त्यांच्या पायाच पडलो. ती माझी चूक झाली.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतःची खुर्ची घेऊन आले.

त्या दिवसापासून प्रिंटर माझा राहिला नाही. तात्यांचे त्याच्याबद्दलचे सिद्धांत ऐकाल तर थक्क व्हाल. लाईट जाऊन परत आली की अर्धा घंटा छपाई करायची नाही, रिबनला दम खाऊ द्यायचा. पूर्वेचा वारा सुटला की डावा नॉब रुसतो. प्रिंटरसमोर शिट्टी वाजवायची नाही, हे का ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. ह्यातलं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. एकदा त्यांनी ताण इतका वाढवला की रिबन लेबलालाही सोबत ओढून न्यायला लागली आणि 'सीताफळ' ही अक्षरं शेवग्याच्या शेंगेएवढी लांब निघाली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "वाचायला बरं हाय म्हाताऱ्या माणसाला."

पण प्रामाणिकपणे सांगतो, रेघ परत परत यायची ती माझ्यामुळंच. माझा हात शिवशिवतो. तात्या जेवायला गेले की मी नॉब थोडा पिळायचो, म्हटलं आपणही मालक आहोत. त्यांनी येऊन नुसता वास घेतल्यासारखं करायचं आणि विचारायचं, "मालक, हात लावलात का?" मी नाही म्हणायचो. मग रेखा आतून म्हणायची, "लावला, लावला!"

खंडेनवमीला तर मी हद्दच केली. हत्यारांची पूजा, म्हणून प्रिंटरची पूजा मांडली. झाकण उघडून मधल्या पट्टीला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर हाराचा दोरा रोलरमध्ये गुंतला आणि लेबलं गुलाबी निघाली. तात्या बसले कापूस घेऊन अक्षता वेचत. "देवाला बी तोंड सोडून कुंकू लावतेत का रे? त्याच्या जिभेवर लावलंस तू!" दिवसभर माझा उद्धार चालू होता, आणि दिवसभर तात्या खुशीत होते.

ते खुशीत का असायचे, हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी ऐकू यायचं. तात्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, पुण्यात, मुलाकडं. नातू लहान, मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून काकू तिकडं अडकलेल्या. मुलगा म्हणायचा, बाबा, तुम्हीही या, एकटे काय करता तिथं. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. काकू विचारायच्या, "मग येताय का?" आणि तात्या दणदणीत आवाजात सांगायचे, "कसं येऊ? ह्या संतोषाचं मशीन माझ्याबिगर एक लेबल काढत न्हाई! मी गेलो की पोरगं उघड्यावर पडलं म्हणून समज!" हे ऐकून मला राग यायचा. आख्ख्या गल्लीला कळायचं ना! पण एक गोष्ट स्पष्ट होती. माझा प्रिंटर बिघडतोय तोवर तात्या धारूरला. तो सुधारला की त्यांना पुण्याला न जायचं एकही कारण उरत नव्हतं.

आणि मी तो सुधारायचं ठरवलं. झालं असं की आइस्क्रीमवाल्यांचे एक साहेब माझं काम बघायला आले. गळ्यात ओळखपत्राची फीत. मी चहा आणायला वळलो आणि परत येतो तर तात्यांचा हुक साहेबांच्या गळ्यातल्या फितीला! "लई ढिली हाय साहेब. पंख्यात अडकंल एखांद्या दिवशी." साहेब हसले, पण दोन पावलं मागं सरकले. जाताना मला म्हणाले, "अहो, नवे प्रिंटर घ्या. दोन्ही नळ्यांना आपापली मोटर असते, ताण किती आहे ते मशीनच बघतं आणि मशीनच जुळवतं. माणूस लागत नाही." माणूस लागत नाही, हे शेवटचं वाक्य मला फार गोड लागलं.

नवा प्रिंटर आला. मी पेढे वाटले. तात्या पेढा खाऊन प्रिंटरच्या भोवती एक चक्कर मारून आले. झाकण उघडलं. नॉब शोधला. नव्हताच.

"पिळायचं कुठं?"

"पिळायचं नाहीच तात्या. आपोआप होतं."

"आपोआप?"

"आपोआप! बघा." मी लेबलांवर लेबलं काढून दाखवली. एकाही लेबलावर रेघ नाही. तात्यांनी एक लेबल उजेडाला धरून खूप वेळ बघितलं.

"मग ह्याला मानूस कशाला लागतंय?"

"नाहीच लागत!" मी म्हणालो. माझ्या अंगात त्या दिवशी शहाणपण संचारलं होतं. "आता तुम्ही निवांत बसा."

"बरं झालं," तात्या म्हणाले, आणि खुर्ची उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे होते. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. आल्या आल्या राम राम म्हणाले. दोरीकडं बघितलंसुद्धा नाही. घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "ध्यान ठिव घराकडं. पुन्याला जातो." मी मोटारसायकल काढली आणि त्यांना स्टँडवर नेलं. खरं सांगतो, वाटेत मला हलकंच वाटत होतं. आता प्रिंटरवर आपलं राज्य, हा विचार मनात होता.

गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसलो. काकूंचा फोन आला, स्पीकरवर.

"खरंच निघालात? आन् ते मशीन?"

"मशीन चांगलं झालं," तात्या म्हणाले. कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज होता.

काकू म्हणाल्या, "बरं. या."

फोन खिशात टाकून तात्या माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "मागल्या साली गेलतो मी. आठ दिस ऱ्हायलो. पोरगा चांगला हाय रे, सून बी लई चांगली. पर तिथं कायबी करायला जावं तर म्हनतेत, बाबा, तुमी बसा. भाजी आनतो म्हनलं, तर ती घरपोच येती. कपडे वाळू घालतो म्हनलं, तर मशीनच वाळवून देतंय. तुझ्या काकूला नातू हाय, तिला दम खायला येळ न्हाई. मी बसतो. सकाळी बसा, दुपारी बसा. कुनी वाईट बोलत न्हाई, कुनी जेवायला कमी करत न्हाई. पर मानसानं किती बसावं रे, संतोषा?"

निवांत बसा, असं मीही काल त्यांना सांगितलं होतं, वर पेढा देऊन. लाज वाटली मला, भयंकर लाज वाटली. मी पाणी आणतो म्हणून उठलो, रसवंतीच्या आडोशाला गेलो आणि रेखाला फोन लावला.

"रेखा, मशीन बिघडव."

"कुठलं?"

"नवं."

"डोकं ठिकाणावर आहे का? काल तर पेढे वाटलेत!"

"बिघडव म्हणतो ना! तात्या गाडीत बसायला निघालेत."

ती म्हणाली, "किती बिघडवू?" माझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी कुठं तरी लिहून ठेवायला हवं.

परत आलो तर पुण्याची गाडी लागत होती. कंडक्टर दारात उभा राहून पुणे पुणे ओरडत होता. तात्या पिशवी घेऊन उठलेले. मला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. घाम येतो आणि डावा कान लाल होतो.

"तात्या, फोन आलता घरून. मशीन बंद पडलं."

"कोनतं?"

"नवं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या कानाकडं. "त्याला तर पिळायलाच कायी न्हाई. बिघडलं कसं?"

"तेच तर कळंना झालंय."

कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, चढायचं का?" तात्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, धोतर सावरलं आणि माझ्या मोटारसायकलकडं चालायला लागले. मागं बसता बसता म्हणाले, "तरी मला वाटलंच होतं. आपोआपचं काय खरं असतंय व्हय!"

घरी येऊन बघतो तर नव्या प्रिंटरच्या तोंडातून रिबनचा ढीग जमिनीवर सांडला होता. छापून झालेली फीत ज्या नळीवर गुंडाळली जाते, ती नळीच जागेवर नव्हती. तात्यांनी झाकण उघडलं, एकदा आत बघितलं, एकदा रेखाकडं बघितलं, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लई मोठं काम हाय." मग खुर्ची मागवली. जुन्या रोलची नळी शोधली, ती कापली, घासली, बसवली, परत काढली, रिबनला काटा लावून आकडा बघितला, पुन्हा घासली. मधेच काकूंना फोन लावला. "आज न्हाई जमत. नवं बी बिघडलं." काकू स्पीकरवर मोठ्यानं हसल्या. "मला वाटलंच. ऱ्हावा मग तिथंच. नातवाला बालवाडीत घातलं की मी येतेच तिकडं. जेवा येळेवर." तात्या म्हणाले, "जेवायला तरी कुठं येळ हाय!"

अर्ध्या घंट्यात लेबलं सुरू झाली. रेखानं चहा ठेवला. सोबत खायला म्हणून शेंगदाण्याचा डबा काढला, गडबडीत झाकण उघडून तसाच तात्यांच्या पुढं धरला, आणि त्या शेंगदाण्यांतून नळीचं टोक वर आलेलं आम्हा तिघांनाही दिसलं. रेखा डबा धरून उभीच्या उभी. मी छताकडं बघायला लागलो. माझा कान तापला होता.

तात्यांनी नळी बाजूला सारून मूठभर शेंगदाणे घेतले. निवांत चावले. चहाचा घोट घेतला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला जरा अवघड बिघडव. ह्यात काय अर्धाच घंटा गेला."